बहिणीच्या कुबड्या लपवून ठेवतात, पेन्शनही काढून घेतात. तक्रार होते का? कुठं करायची?

लहानी_बहीण

नमस्कार सगळ्याईले. मी इथं पहिल्यांदाच लिहून राहिली, गावाचं नाव सांगत नाही, समजून घ्या. माहेर दारव्हा तालुक्यातलं आहे.

माझ्या मोठ्या बहिणीले लहानपणी पोलिओ झाला. डावा पाय पूर्ण गेला, उजव्यात थोडी ताकद आहे, कॅलिपर लावून दोन कुबड्यांवर चालते. बारावी शिकली, शिलाई येते, हिशेबात तर आमच्या घरात तिच्याएवढं पक्कं कोणीच नाही. बाबा वारले आणि वर्षभरात भावानं घाईघाईनं बिजवराले देऊन टाकली, म्हणे अशा पोरीले करते कोण, आलं स्थळ तेच नशीब. आर्णीकडचं गाव, थोडंसं कोरडवाहू वावर, भाटव्याची पहिली बायको वारलेली, तिचा एक पोरगा. त्या पोराले हिनंच लहानाचं मोठं केलं, तो हिलेच आई म्हणते.

आता काय होते ते सांगते. हात उचलणं कधीमधी होते, पण रोजचं दुखणं दुसरंच आहे. भांडण झालं की सासू हिच्या कुबड्या उचलते आणि माळ्यावर टाकते. नाही तर भाटवे वावरात जाताना सोबत घेऊन जाते. मग ही जिथं बसली तिथंच दिवसभर. संडास अंगणाच्या त्या टोकाले, सरपटत जायचं, पावसाळ्यात चिखलातून, आणि समोर रस्ता, लोकं पाहतेत. म्हणून तिनं पाणी पिणंच कमी केलं. सकाळी अर्धा गिलास आणि मग रात्री अंधार पडल्यावर. सारखी लघवीची जळजळ, थंडी वाजून ताप, गोळी आणून देतेत किराणा दुकानातून. हे सगळं ती मले अशी सांगत होती जसं काही भाजीत मीठ कमी पडलं.

संजय गांधी निराधारची पेन्शन तिच्या नावावर आहे, दिव्यांगांची वाढून अडीच हजार झाली ना, ती तिनं एकदाही हातात घेतली नाही. बँकमित्र घरी येते, मशीनवर हिचा अंगठा घेते आणि पैसे भाटव्याले देते. पासबुक, आधार, दिव्यांगाचं कार्ड सगळं सासूच्या पेटीत. शिलाई मशीन माझ्या आईनं दिली होती, ती बियाण्याले पैसे पाहिजे म्हणून विकून टाकली. फोन करायचा तर सासूच्या मोबाईलवरून, स्पीकर लावून.

भावाले सांगितलं तर तो म्हणते, हाड मोडलं का? उपाशी ठेवलं का? तिले सांभाळून राहिले हेच लय झालं. वहिनी म्हणते इथं आणून बसवसान तर तिचं करायचं कोण.

मले हे विचारायचं आहे की कुबड्या लपवणं, पैसे काढून घेणं हे कायद्यात बसते का, का मारल्याचे वळ दाखवल्याशिवाय कोणी ऐकतच नाही? तिच्याऐवजी मी तक्रार करू शकते का कारण ती स्वतः तालुक्याले जाऊच शकत नाही, आणि ती तिथून निघाली तर पेन्शन बंद पडते का? मी स्वतः मजुरीवाली बाई आहे, सध्या सोयाबीनची सवंगणी चालू आहे, वकिलाले द्यायले पैसे नाहीत माझ्याजवळ. कोणाले माहीत असन तर सांगा.

जास्वंद

ताई, वाचून पोटात कालवलं. कायद्याचं माहीतगार लोक सांगतीलच, मी फक्त एवढं म्हणते की सगळ्यात पहिले बहिणीला एकटीला गाठा आणि तिला काय पाहिजे ते विचारा. तुम्हाला काय वाटते ते नाही, भावाला काय वाटते ते नाही. आपल्याकडे अपंग बाईबद्दल सगळे ठरवतात, लग्न कोणाशी, राहायचं कुठं, दवाखाना कोणता, आणि तिला सांगतात शेवटी. तिथून निघायचं आहे की त्याच घरात धड राहायचं आहे हे तिलाच ठरवू द्या.

एकटी गाठायची तर दवाखान्याचं निमित्त चांगलं आहे. तसंही ते जळजळ आणि ताप साधं नाही, पाणी न पिता लघवी दाबून ठेवली की इन्फेक्शन वर किडनीपर्यंत जाते. ग्रामीण रुग्णालयात न्या, डॉक्टरला खरं कारण सांगा की पाणी का पीत नाही, आणि केसपेपरवर ते लिहून घ्यायला लावा. तो कागद जपून ठेवा. गावातली आशा ताई ओळखीची असेल तर तिला सोबत घ्या, सासू आशाला सहसा नाही म्हणत नाही.

कास्तकार_७२

बाई, तुमचा जीव तुटते हे बरोबर आहे पण एकदम कोर्ट कचेरी करू नका. पोलीस स्टेशनची पायरी चढली की संसार पुन्हा जुळत नाही हे मी गावात पाहिलेलं आहे. दोन्हीकडची चार शहाणी माणसं, पोलीस पाटील, तंटामुक्तीचे अध्यक्ष यांना घेऊन बैठक बसवा, जावयाला समज द्या. शेवटी तिले राहायचं तिथंच आहे. भाऊ ठेवत नाही म्हणते मग ती जाईन कुठं? याचा विचार पहिले करा.

लहानी_बहीण

भाऊ, बैठक झाली ना. मागच्या वर्षीच झाली. मारुतीच्या पारावर बसले सगळे, पाराले उंच पायऱ्या, हिले चढता येत नाही, म्हणून ही घरीच. आमच्याकडून भाऊ आणि काका, त्यांच्याकडून पाच-सहा जण. भाटव्यानं कबूल केलं की आता त्रास देणार नाही, चहा झाला, सगळे उठले. तिले कोणी एक शब्द विचारला नाही. आणि त्या रात्रीच कुबड्या माळ्यावर गेल्या, की माहेरी चुगली केली म्हणून. मी तुमचा अनादर करत नाही पण परत तेच करायची माझी हिंमत नाही.

न्यायमित्र_वर्धा

ताई, मी विधी सेवा प्राधिकरणाकडे पॅरालीगल व्हॉलंटिअर म्हणून काम करतो, अशा केसेसमध्ये बायांसोबत जाणं हेच काम आहे, त्यामुळे जरा लांब लिहितो, सावकाश वाचा.

पहिलं म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. वळ लागत नाहीत. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा आहे, त्यात मारहाण हा फक्त एक प्रकार आहे. टाकून बोलणं, अपमान, मानसिक छळ, लैंगिक जबरदस्ती आणि आर्थिक छळ हे सगळं हिंसा म्हणूनच लिहिलेलं आहे. तिचे पैसे काढून घेणं, आईनं दिलेली मशीन विकणं हे सरळ आर्थिक छळात येतं, ती मशीन स्त्रीधन आहे. आणि हा कायदा फक्त नवऱ्याविरुद्ध नाही, सासूविरुद्धही अर्ज होतो. आधी कायद्यात प्रौढ पुरुष असा शब्द होता म्हणून बायांना पार्टी करताना वाद व्हायचे, २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते शब्द काढून टाकले.

पण तुमच्या बहिणीसाठी याहून नेमका एक कायदा आहे आणि दुर्दैवानं गावात सोडा, पुष्कळ पोलीस स्टेशनलाही तो काढून दाखवावा लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६. त्याचं कलम ९२ वाचा, कोणाकडून तरी वाचून घ्या. दिव्यांग माणसाच्या अवयवाच्या किंवा सहाय्यक साधनाच्या वापरात मुद्दाम अडथळा आणणं, त्याचं नुकसान करणं हा गुन्हा आहे. साधन म्हणजे कुबडी, कॅलिपर, व्हीलचेअर, कानाचं मशीन, पांढरी काठी. ज्याच्या ताब्यात ती व्यक्ती आहे त्यानं जाणूनबुजून अन्न किंवा पाणी न देणं हाही त्याच कलमात आहे. शिक्षा कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त पाच वर्षं, शिवाय दंड. म्हणजे तुमचा भाऊ म्हणतो ना हाड मोडलं का, त्याला सांगा की चालणाऱ्या माणसाचे पाय बांधून ठेवले तर जे होईल तेच इथं झालेलं आहे आणि कायद्यानं ते तसंच धरलेलं आहे.

दुसरा प्रश्न, तुम्ही तक्रार करू शकता का. करू शकता, दोन्ही कायद्यांत. २००५ च्या कायद्यात कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, चांगल्या हेतूनं कळवलं तर तुमच्यावर काही येत नाही. संरक्षण अधिकारी महिला व बालविकास खात्याचे असतात, कोण आहेत ते अंगणवाडीच्या प्रकल्प कार्यालयात विचारा, अंगणवाडी सेविकेकडूनही कळतं. ते बहिणीशी बोलून घरगुती घटना अहवाल भरतात. तो एफआयआर नाही हे लक्षात ठेवा, त्यानं कोणाला अटक होत नाही, म्हणून घाबरू नका. त्यावरून मॅजिस्ट्रेटपुढे कलम १२ चा अर्ज जातो. कोर्ट काय काय देऊ शकतं, तर त्रास देऊ नका असा संरक्षण आदेश, घरातून काढू नका असा निवासाचा आदेश, दरमहा खर्च, दवाखान्याचा खर्च, नुकसानभरपाई, स्त्रीधन परत. निकालाआधी अंतरिम आदेशही होतो. संरक्षण आदेश मोडला तर मग तो गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायद्यात ६० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय, प्रत्यक्षात जास्त लागतात हे मी आत्ताच सांगून ठेवतो, म्हणून अंतरिम आदेशावर जोर द्यायचा. आणि ती तुमच्याकडे येऊन राहिली तर तुमच्या तालुक्याच्या कोर्टातही अर्ज चालतो, आर्णीलाच जावं लागेल असं नाही.

२०१६ च्या कायद्यात कलम ७ आहे. दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार होतोय किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटलं तर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि आपल्या तालुक्याला कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे तहसीलदार. तेच तहसीलदार ज्यांच्या ऑफिसातून तिची पेन्शन निघते. एक साधा अर्ज, साध्या कागदावर, घडलं तसं लिहा, पोच घ्या. त्यांना पोलीस पाठवून सुटका करायचा, सुरक्षित ठिकाणी ठेवायचा, निर्वाहाचा आदेश द्यायचा अधिकार आहे. पोलिसांकडे गेलात तर तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, फुकट वकील मिळतो हे तिला सांगणं पोलिसांचं कामच आहे, तेही याच कलमात लिहिलेलं आहे.

वकिलाचं म्हणाल तर एक पैसा लागत नाही. बाई असेल किंवा दिव्यांग असेल तर उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, १९८७ चा कायदा आहे. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, किंवा १५१०० ला फोन करा. महिलांसाठी १८१, तातडीची वेळ आली तर ११२.

कास्तकार भाऊ, बैठकीला माझा विरोध नाही, वावराच्या धुऱ्याचं भांडण असेल तर मी स्वतः बैठक सुचवीन. पण ज्या बाईचे पायच दुसऱ्याच्या हातात आहेत ती त्या घरात बसून खरं बोलू शकत नाही, आणि बैठक उठल्यावर ती पुन्हा त्याच माणसांच्या हाती जाते. म्हणून असं काही करायचं तर पहिले तिच्या सुरक्षेची सोय आणि मग बोलणी.

दोन_चाकं

न्यायमित्रांनी कायदा सांगितला, मी पैशाचं सांगतो कारण ते मी भोगलं आहे. मी व्हीलचेअरवर असतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडून पाठीचा कणा गेला. घरच्याच माणसानं माझ्या पेन्शनवर आणि माझ्या वाट्याच्या वावरावर कसा हात मारला ते इथं सांगत नाही, पण त्यातून काय काय करायला लागते ते सांगतो.

पेन्शन तिच्या नावावर आहे, तिच्या दिव्यांगपणासाठी आहे, नवऱ्याच्या घरी राहते म्हणून नाही. घर सोडलं म्हणून तिचा दिव्यांगपणा जात नाही. गाव बदललं तर तहसीलला पत्ता बदलाचा अर्ज द्यायचा आणि हयातीचा दाखला वेळेवर द्यायचा, तो राहिला की पैसे अडकतात.

खातं बदला. पेन्शन आता आधारला जोडलेल्या खात्यात येते, म्हणजे नवीन खातं उघडून आधार त्याला जोडलं की पुढचे पैसे तिथं येतात. पोस्टाच्या पेमेंट बँकेचं खातं पोस्टमन घरी येऊन उघडून देतो, तिला कुठं जायची गरज नाही, तुमच्या घरी चार दिवस आली की तेव्हा करून घ्या. मोबाईल नंबर तिचा स्वतःचा किंवा तुमचा द्या, सासूचा नाही, मेसेज त्याच नंबरवर जातात. आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येते, आधारच्या ॲपवरून, नोंदणीतला मोबाईल जवळ लागतो. लॉक केलं की मशीनवर अंगठा चालतच नाही, जबरदस्तीनं ठेवला तरी. तिला पैसे काढायचे तेव्हा थोड्या वेळासाठी उघडायचं. मला हे कळलं तेव्हा पहिल्यांदा रात्री नीट झोप लागली.

कागदं पेटीत अडकली म्हणून थांबू नका. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगाचं कार्ड पोर्टलवरून पुन्हा डाउनलोड होते, आधारही पुन्हा निघते, पासबुक बँक दुसरं देते. सेतूवाला जरा चांगला पाहा. पेटी उघडायच्या नादात भांडण वाढवू नका.

कुबड्या दुसऱ्या घ्या आणि त्या घरात ठेवू नका. शेजारी कोणी विश्वासाचं असेल त्यांच्याकडे ठेवा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावाच लागतो, त्यातून मागा, लेखी मागा. जिल्ह्याच्या दिव्यांग शिबिरातही फुकट मिळतात.

आणि एक, २००५ चा कायदा फक्त बायांसाठी आहे. माझ्यासारख्या पुरुषाला घरात छळलं तर तो लागत नाही, पण कलम ७ आणि ९२ पुरुषालाही लागते. कोणी भाऊ वाचत असेल आणि गप्प बसला असेल तर त्याच्यासाठी लिहून ठेवतो. पोलिओचा पोरगा, आंधळा बाप, अर्धांगवायूची आजी, यांना घरात कसं वागवतात ते सगळ्या गावाला माहीत असते आणि सगळे म्हणतात त्यांच्या घरचा मामला. तो घरचा मामला नाही.

मेळघाट_माहेर

विषय थोडा वेगळा होतोय पण विचारते. माझी आत्या जन्मापासून कर्णबधिर आहे, शाळेत गेली नाही, घरच्याच खुणा करते. तिच्या दिराकडून तिला त्रास आहे, कोणत्या प्रकारचा ते तुम्ही समजून घ्या. पोलिसांनी म्हटलं ती बोलू शकत नाही तर जबाब कसा घेणार, घरच्या कोणाला घेऊन या आणि घरचेच तर गप्प करत आहेत तिला.

न्यायमित्र_वर्धा

ताई, बोलता येत नाही म्हणून जबाब घेत नाही हे चालत नाही. अशा गुन्ह्यात दिव्यांग पीडितेचा जबाब पोलिसांनी तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या सोयीच्या जागी येऊन घ्यायचा असतो, दुभाषा किंवा विशेष शिक्षक हजर ठेवून, आणि त्याचं व्हिडिओ शूटिंग करून. जुन्या कायद्यात होतं आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्येही आहे. कोर्टातही खुणांनी दिलेली साक्ष ही तोंडी साक्षच धरतात. घरच्याच खुणा करत असतील तर जिल्ह्यातल्या कर्णबधिर शाळेचे शिक्षक उपयोगी पडतात, ते चित्रं, हावभाव, बाहुली वापरून हळूहळू समजून घेतात. आरोपीच्या घरातलं कोणी दुभाषा म्हणून बसू देऊ नका, हे लेखी मागा. आणि उशीर करू नका, आजच १८१ ला फोन करा किंवा मला व्यक्तिगत निरोप पाठवा, जिल्हा सांगा. पोलीस स्टेशन ऐकत नसेल तर तक्रार पोस्टानं एसपी साहेबांना पाठवता येते.

पळसफूल

लहानी बहीण, मी स्वतः घर सोडून आलेली आहे, मला एका डोळ्यानं काहीच दिसत नाही आणि दुसऱ्यानं अंधुक. कायद्याचं सगळं बरोबर आहे पण निघायच्या दिवशी काय लागते ते कोणी सांगत नाही म्हणून लिहिते.

जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असते, तिथं राहायला, वकील, दवाखाना, समुपदेशन सगळं एका छताखाली, पण राहणं थोड्याच दिवसांचं, साधारण पाच दिवस, पुढे आधारगृहात पाठवतात. जायच्या आधी फोन करून विचारा की संडास कमोडचा आहे का, पायऱ्या किती, झोपायला खाली गादी आहे की पलंग. मी गेले तिथं संडासात धरायला काही नव्हतं आणि रात्री लाईट बंद, मला दर वेळी कोणाला तरी उठवावं लागायचं. बाया चांगल्या होत्या, हात धरून न्यायच्या, पण लाज वाटते हो आणि अशाच लाजेपायी बाया परत त्याच घरी जातात. तुमच्या बहिणीला तर जमिनीवरून उठणंच अवघड. म्हणून आधी विचारा, नसेल तर स्पष्ट सांगा की पलंग आणि कमोड खुर्ची लागेल, दिव्यांग बाई येते आहे. सोय करून देणं त्यांना लागतेच, पण ऐनवेळी होत नाही.

गाडीचं ठरवून ठेवा. एसटीच्या पायऱ्या कॅलिपर लावून चढणं आणि मागून कोणी येते का पाहणं एकाच वेळी होत नाही. ओळखीचा ऑटो, आणि ऑटोवाला त्यांच्या गावचा नको. सोबत औषधं, कॅलिपरचे पट्टे, एक जोड कपडे, कागदाच्या झेरॉक्स तुमच्याकडे आधीच.

अजून एक सांगते, रागावू नका. ती एकदा निघून पुन्हा परत गेली तर तिच्यावर चिडू नका. मी गेले होते परत. ज्या माणसानं आंघोळीचं पाणी काढून द्यायचं त्याच्याशी वैर घेणं काय असते ते धडधाकट माणसाला कळणं कठीण आहे. माझ्या बहिणीनं तेव्हा दार उघडं ठेवलं म्हणून मी दुसऱ्यांदा निघू शकले.

लहानी_बहीण

सगळ्याईचे उपकार कसे मानू. उशिरा लिहून राहिली, सवंगणी आटोपली आणि मग आशा ताईले घेऊन गेली. तिनं सासूले सांगितलं तपासणी सक्तीची आहे, आणि आम्ही बाईले, म्हणजे माझ्या बहिणीले, ग्रामीण रुग्णालयात नेलं. लघवीची तपासणी केली, इन्फेक्शन निघालं, डॉक्टर मॅडमनं स्वतः विचारलं पाणी काहून पीत नाही, आणि बाईनं सगळं सांगितलं. मॅडमनं कागदावर लिहिलं. घरून निघताना कुबड्या खाली काढून द्याव्याच लागल्या त्याहीले.

मग झाडाखाली बसून मी तिले विचारलं, तुले काय पाहिजे. ती लय वेळ गप्प होती. म्हणे मले असं कोणी विचारलंच नाही आतापर्यंत. मग म्हणाली, पोरगा दहावीले आहे, त्याची परीक्षा होईपर्यंत मी कुठं जात नाही, तो माझ्याशिवाय जेवत नाही. पण माझ्या कुबड्यांले कोणी हात लावायचा नाही, माझे पैसे माझ्या हातात पाहिजे, मशीन परत पाहिजे आणि संडास घराजवळ पाहिजे. परीक्षेनंतर पाहीन म्हणे. मले तर वाटत होतं आत्ताच घेऊन जावं, पण ती ठाम होती.

आता मग विचारते, ती त्याच घरात राहून केस करू शकते का? आणि सावत्र पोराची साक्ष चालते का, त्यानं सगळं पाहिलं आहे, तोच कधीकधी लपून कुबड्या काढून देते. आणि माहेरच्या वावरात तिचा हिस्सा आहे का, भाऊ म्हणते लग्नात खर्च केला, संपलं.

न्यायमित्र_वर्धा

ताई, बहिणीनं स्वतः ठरवलं ही फार चांगली गोष्ट झाली. त्याच घरात राहून अर्ज करता येतो, निवासाचा आदेश त्यासाठीच आहे, तिला तिथून काढता येत नाही. तुम्ही लिहिलेल्या तिच्या चारही मागण्या तिच्याच शब्दांत अर्जात टाका, कुबड्यांची पहिली. कोर्ट आदेशात नेमकं लिहू शकतं की तिच्या कुबड्या, कॅलिपर, कागदपत्रं आणि पैसे यांना कोणी हात लावायचा नाही. संडासासाठी ग्रामपंचायतीच्या ५ टक्के निधीतून वेगळा अर्ज टाका, ते कोर्टाची वाट पाहत बसू नका. फक्त नोटीस घरी पोचेल तो आठवडा धोक्याचा असतो, त्या दिवसांत आशा ताईनं रोज चक्कर मारावी, दुसऱ्या कुबड्या शेजारी पोचलेल्या असाव्यात, आणि संरक्षण अधिकाऱ्याला सांगा की नोटिशीची तारीख तुम्हाला आधी कळवा. मध्येच काही झालं तर ११२, आणि मग परीक्षेची वाट न पाहता निघायचं, हे बहिणीशी आधीच बोलून ठेवा.

पोराची साक्ष चालते, समजून उत्तरं देणारा मुलगा साक्षीदार होऊ शकतो. पण परीक्षेच्या वर्षात त्याला बापाविरुद्ध उभं करायचं का हे बहिणीनं ठरवावं. डॉक्टरचा कागद, आशा ताई आणि तुम्ही स्वतः एवढ्यावरही अर्ज चांगला उभा राहतो.

वावराचं म्हणाल तर लग्नात खर्च केला म्हणून हिस्सा संपत नाही. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. सातबारावर वडिलांच्या नंतर कोणाकोणाची नावं चढली ते तलाठ्याकडून काढा, ऑनलाइनही निघतो. तुमचंही नाव पाहा. हक्कसोड पत्रावर दोघी बहिणींपैकी कोणी सही किंवा अंगठा दिलेला आहे का ते आठवा, आणि नसेल तर आता कोणत्याही कागदावर देऊ नका.

लहानी_बहीण

हक्कसोड दिलेलं नाही, भाऊ दोनदा म्हणाला होता पण आई होती तेव्हा तिनं करू दिलं नाही. सातबारा काढते. सोमवारी आर्णीले कोर्टात विधी सेवा समितीत जाऊन राहिली, आशा ताईची सुट्टी आहे, ती सोबत येते म्हणते. संडासाचा अर्ज बाईनं स्वतःच्या हातानं लिहून दिला दवाखान्यातच, तो ग्रामसेवकाले देऊन पोच घेतली आहे.